आधी समोरच्याचं म्हणणं

मी भांडखोर बाई आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. माझी निम्मी हयात नांदेडच्या कोर्टात गेली, आणि त्यातली बरीचशी आवाज चढवण्यात. समोरचा वकील बोलायला उभा राहिला की माझ्या कपाळावर एक आठी येते. तो मुद्द्याचं बोलायला लागला तर दोन येतात. अशा बाईच्या शेजारच्या टेबलावर नशिबानं कोणाला आणून बसवावं, तर प्रशिक सोनकांबळेला.

बार रूममध्ये सगळे त्याला बॅरिस्टर म्हणत. तो विलायतेला वगैरे गेलेला नव्हता. मुदखेडचा पोरगा, वडील रेल्वेत सांधे बदलायचं काम करून निवृत्त झालेले, कायद्याचं शिक्षण इथं नांदेडातच. बॅरिस्टर हे नाव पडलं ते वडिलांमुळे. त्याच्या वकिलीच्या पहिल्याच आठवड्यात इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घातलेले एक उंच गृहस्थ बार रूमच्या दारात उभे राहिले आणि गाडीच्या धडधडीवरून आवाज द्यायची सवय असलेल्या गळ्यानं त्यांनी विचारलं, "बॅरिस्टर सोनकांबळे कुठं बसतेत?"

हसून हसून आम्ही लोळायचे बाकी राहिलो. एका ज्येष्ठ वकिलांनी चहाचा कप खाली ठेवून त्यांना समजावलं, "दादा, आता बॅरिस्टर कोणी नसतं. आम्ही सगळे अॅडव्होकेट."

दादांना ते मुळीच पटलं नाही. "तुमी असाल अॅडव्होकेट. आमचा बॅरिस्टर हाय."

प्रशिक उठला. वडिलांना आपली खुर्ची दिली, आणि त्या ज्येष्ठांजवळ जाऊन हळूच म्हणाला, "साहेब, तुमचं म्हणणं एकदम बरोबर हाय. तरीसुद्धा, हे मुदखेडला कोणी सांगू नका."

त्याचा अख्खा स्वभाव या दोन वाक्यांत होता. आधी समोरच्याचं म्हणणं, मग 'तरीसुद्धा'.

दिसायला काटकुळा. कोट एक माप मोठा, कारण शिंप्याचं म्हणणं पडलं की पुढं अंग भरतं, आणि ते याला पटलं. अंग काही भरलं नाही. भाजी आणायला गेला की बाईनं सांगितलेल्या भावाला मान डोलवायचा. एवढ्या उन्हात टोपली घेऊन बसायचं म्हणजे काय खायचं काम आहे का, असं उलट मलाच ऐकवायचा. एसटीत खिडकीची जागा याची असली तरी समोरच्यानं तोंड वाकडं केलं की हा उठलाच. मी चिडायची. "अरे, तुला स्वतःचं काही हवं असतं की नाही?" तो विचारात पडायचा. एकदा मात्र म्हणाला, "ताई, आम्ही पाच भावंडं. कोणी काही मागितलं की दादा विचारायचे, बाकीच्यांचं झालं का? तेच अंगात बसलंय बघा."

वकिलीत असा माणूस उपाशी मरायचा, असं माझं पक्कं मत होतं. त्याची कामाची पद्धत तर जगावेगळी. नवीन पक्षकार आला की आधी त्याच्या विरुद्ध बाजूचे कागद मागून घ्यायचा आणि ते मोठ्यानं वाचायचा, तेही अगदी मन लावून, कादंबरी वाचावी तसे. मध्येच थांबून "अरेरे, बिचाऱ्यावर वाईटच वेळ आली" असं म्हणायचा. समोर बसलेल्या पक्षकाराचा चेहरा उतरत जायचा.

अर्धापूरच्या दोन भावांचा दावा आम्हा दोघांकडे आला होता. केळीच्या बागेत जायच्या वाटेवरून भांडण. मोठ्यानं वाटेवरच केळीची रांग लावून टाकलेली, आणि लहाना अडून बसलेला. लहाना म्हणजे मारोतराव, त्याचा वकील प्रशिक. मोठ्याच्या बाजूनं मी. युक्तिवादाच्या दिवशी मी भरपूर आरडाओरडा करून खाली बसले. मग हा उभा राहिला आणि माझ्या पक्षकाराची बाजू मांडायला लागला. बाप गेल्यावर मोठ्यानं ही जमीन कशी राखली, लहान्याचं शिक्षण कसं केलं, गावात कोणी केळीचं नाव काढत नव्हतं तेव्हा पहिली बाग कशी उभी केली. "साहेब, हा माणूस वाटेवर हक्क सांगतो तो मस्तीनं नाही सांगत. या बागेतल्या प्रत्येक झाडावर आपला हात फिरलाय, असं त्याला वाटतं. आणि तो फिरलाच आहे."

मागून मारोतराव ओरडला, "ओ वकील साहेब! तुमी कोणाकडून बोलायलेत?"

न्यायाधीश साहेबांनी खाली मान घालून कागद चाळल्यासारखं केलं. प्रशिकनं मागं वळूनही पाहिलं नाही. "तरीसुद्धा, साहेब," तो म्हणाला, आणि मग वाटेचा नकाशा, जुन्या साक्षी, सगळं एकापुढं एक मांडत गेला. मी उत्तराची तयारी करत होते, तेवढ्यात माझ्या पक्षकारानं माझ्या कोटाची बाही ओढली. त्याचे डोळे भरून आले होते. "राहू द्या बाई. मी एवढं केलं हे घरात आजवर कोणी म्हणलं न्हाई. आज ह्यो म्हणला. काढतो मी रांग."

दुपारच्या सुट्टीत दोघं भाऊ लिंबाखाली एका डब्यात जेवत होते. पुढच्या आठवड्यात मोठ्यानं केळीचा भलामोठा घड आणून टेबलावर ठेवला. माझ्या नाही, प्रशिकच्या! मी त्याची वकील, आणि केळी समोरच्या वकिलाला. तो घड संपेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. केळी मात्र खाल्ली.

हळूहळू त्याचं नाव झालं. हा माणूस समोरच्याचं काही दडवत नाही, हे साहेब लोकांना कळलं, आणि मग त्याच्या 'तरीसुद्धा'ला वजन आलं. ज्युनिअर पोरं तर केवळ ते ऐकायला मागच्या बाकावर येऊन बसत.

आणि मग लातूरची सुजाता गायकवाड आली.

इथल्या एका मंगल कार्यालयानं एकाच दिवशी दोन लग्नं घेऊन ठेवली होती. लातूरचं वऱ्हाड दारात आलं तेव्हा आत दुसऱ्यांची हळद चालू होती. मुलीच्या बापानं ग्राहक आयोगात तक्रार केली आणि त्यांच्याकडून सुजाता उभी राहिली. बुटकीशी, भराभर चालणारी, स्पष्ट आवाजाची. लातूरला लहानपणापासून अभ्यासाला जुंपतात, ते तिच्या फाइलकडे बघूनच कळत होतं; पानापानाला खुणा केलेल्या. कार्यालयवाल्याचा वकील प्रशिक. मी आपली तमाशा बघायला जाऊन बसले होते.

त्या दिवशी काही कारणानं आधी प्रशिकला बोलायला सांगितलं. झालं! त्यानं मुलीच्या बापाचं दुःख मांडायला घेतलं. नवी साडी नेसलेल्या पाहुण्या बायका रस्त्याच्या कडेला सतरंजीवर बसलेल्या, व्याही तोंड फिरवून उभे, आणि नवरी टेम्पोत बसून रडतेय. त्यानं असं काही सांगितलं की खुद्द कार्यालयवाला डोळे पुसायला लागला. 'तरीसुद्धा' यायच्या आतच कार्यालयवाल्यानं हात जोडले आणि म्हणाला, चूक झाली, यांच्या धाकट्या मुलीचं लग्न मी माझ्या कार्यालयात, माझ्या हातानं लावून देतो. बाप तयार झाला. तक्रार मिटली. सुजाता फाइल उघडून उभी होती, ती तशीच मिटून खाली बसली.

बाहेर व्हरांड्यात तिनं त्याला गाठलं. मला वाटलं आभार मानणार.

"मी पहाटेच्या गाडीनं लातूरहून कशाला आले हो? माझा युक्तिवाद तुमच्या तोंडून ऐकायला?"

"तुमचं म्हणणं बरोबर हाय," प्रशिक म्हणाला.

"हेच! हेच नका म्हणू! जरा भांडा की माणसासारखं!"

ती तरातरा निघून गेली. हा तिथंच उभा. मी त्याच्या कोपराला धरून हलवलं, तर म्हणतो कसा, "ताई, किती खरं बोलल्या त्या." मला तेव्हाच कळलं की पोरगा कामातून गेला.

त्यानंतर त्याला लातूरची कामं फार पडायला लागली. लातूरच्या कोर्टातून एक नक्कल आणायचीय, लातूरला एका पक्षकाराला भेटायचंय. बार रूममधल्या मंडळींनी ओळखायचं ते ओळखलं, आणि प्रत्येकानं आपली लातूरची कामं त्याच्या गळ्यात घालायला सुरुवात केली. तोही खुशीनं घ्यायचा. लोहा, अहमदपूर करत जाणाऱ्या एसटीचे कंडक्टर त्याला नावानं ओळखायला लागले.

सुजाताचा राग कधी उतरला ते मला माहीत नाही, पण उतरला. एकदा कँटीनमध्ये तो मला म्हणाला, "ताई, त्यांनी मला हो का म्हणू नये, याची फार मजबूत कारणं हायेत." आणि एकेक कारण सांगायला लागला. मी समोसा बशीत टाकला. "आणि तुझी बाजू?"

"माझी बाजू जरा कमकुवत हाय."

सुजातानं त्याचा बंदोबस्त आपल्या पद्धतीनं केला. तिनं सांगून टाकलं, मला तुम्ही पसंत आहात, पण बाबांशी तुम्हीच बोलायचं. तुमच्या वतीनं मी उभी राहणार नाही. तिचे वडील हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, गायकवाड सर. आई काही वर्षांपूर्वी गेलेली. घरात बाप आणि लेक दोघंच. आणि सरांना जावई नोकरीवाला हवा होता. सोलापूरकडच्या एका सरकारी इंजिनिअरचं स्थळही सांगून आलेलं होतं.

बैठक ठरली. दादा, प्रशिकची आई, प्रशिक आणि मी असे लातूरला गेलो. मला नेलं ते मी भांडखोर म्हणून. वेळ पडली तर ताई बोलतील, असा दादांचा हिशेब. सरांच्या घरी सुशीला, लाडू, चहा झाला. मुरमुऱ्यांचा असा मऊ, लिंबाच्या चवीचा सुशीला मी अजून कुठं खाल्ला नाही. सगळं झकास चाललं होतं. मग सर म्हणाले, "मुलाबद्दल प्रश्नच नाही. पण वकिली म्हणजे आज आहे, उद्या नाही. आमची मुलगीही वकीलच. घरात एक तरी नोकरीवाला असावा, असं आपलं माझं म्हणणं."

'म्हणणं' हा शब्द ऐकला आणि मी प्रशिककडे पाहिलं. प्रशिक कोटाचं बटण लावत उभा राहिला होता.

"सरांचं म्हणणं बरोबर हाय."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. काही उपयोग नाही. घरात दोघं वकील म्हटल्यावर काय काय हाल होतात, ते त्यानं सविस्तर सांगितलं. सुजाताचं लातूरला जमलेलं काम नांदेडला आल्यावर कसं पहिल्यापासून उभं करावं लागेल, आणि एवढ्या हुशार बाईनं ते का करावं, हेही सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "सर नोकरी नोकरी म्हणायलेत. पण मला वाटतं, खरं कारण वेगळं हाय. लेक लांब गेली की या घरात सर एकटेच राहतेत. जेवायला ताट एकच वाढायचं. हे त्यांनी म्हणलं नाही, म्हणून मी म्हणतोय."

सरांनी चष्मा काढला. दाराशी उभी असलेली सुजाता भिंतीकडे बघायला लागली. आम्ही सगळे 'तरीसुद्धा'ची वाट बघत होतो. दादा तर खुर्चीच्या कडेवर आले होते.

ते आलंच नाही. प्रशिक खाली बसला. सरांची बाजू त्यानं इतकी चांगली मांडली की ती त्याला स्वतःलाच पटली.

"मग तुमचंही तेच मत दिसतंय," सर अवघडून म्हणाले. "विचार करून कळवतो."

परतीच्या गाडीनं आम्ही अहमदपूरला पोचलो. मग दादांनी विचारलं, "बॅरिस्टर, तू आज कोणाकडून बोलायला व्हतास?"

"दादा, त्यांची बाजू खरी हाय."

"असंल खरी. पर आपण लाडू खाऊन तसंच परत चाललोय."

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. तो कोर्टात उभा राहायचा, समोरच्याचं म्हणणं मांडायचा आणि 'तरीसुद्धा'पाशी त्याचा आवाज बसायचा. मागच्या बाकावरची पोरं एकमेकांकडे बघायची. लातूरचं काम आता कोणी त्याला सांगत नव्हतं. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम आले की मला काय करावं ते सुचत नाही.

मग एक दिवस सुजाता स्वतः नांदेडला आली. सरळ आमच्या टेबलापाशी उभी राहिली. बसा म्हटलं तर बसली नाही.

"रविवारी सोलापूरचे पाहुणे येतायत. मला काय हवंय ते मी बाबांना सांगितलंय. बाबा म्हणतात, बाई, त्या पोरालाच नक्की नाही, मी काय करू? आणि बाबांचं म्हणणं..." ती थांबली. "जाऊ द्या. त्यांचं म्हणणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये."

ती गेली. प्रशिकनं कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "ताई, उद्या लातूरला येता का?"

"मी कशाला?"

"मी मध्येच गाडीतून उतरीन म्हणून."

गेले. सर अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. आम्हाला बघून त्यांनी बादली खाली ठेवली आणि खुर्च्या मांडल्या. प्रशिक बसला नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल रे बाबा, एकदा तरी स्वतःचं बोल.

"सर, मला सुजाताशी लग्न करायचंय."

एवढंच. सरांनी विचारलं, "आणि माझं म्हणणं?"

"ते मागच्या वेळी मी मांडलं. आज मी माझं सांगायला आलोय. तुमचं तुम्ही मांडा, सर."

सरांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांचा आवाज कातर झाला. "मी काय मांडू? सगळं तूच बोलून बसलास. एकच ताट वाढायचं, असंही म्हणालास."

"मी लातूरला येतो."

हे त्यानं कोणाला सांगितलेलं नव्हतं. मला नाही, दादांना नाही. दारात आलेल्या सुजाताच्या चेहऱ्यावरून कळलं की तिलाही नाही.

"नांदेडचं जमलेलं काम सोडून?" सर म्हणाले. "आणि लोक नावं ठेवतील. बायकोच्या गावात जाऊन राहिला म्हणतील."

लोकांचं म्हणणं! मी डोळेच मिटले. आता हा लोकांची बाजू घेणार, त्यांचंही कसं बरोबर आहे ते सांगणार. त्याचं तोंड उघडलंही होतं. ते मिटलं.

"ठेवू द्या," तो म्हणाला.

"मला कोणी विचारलंय का," दारातून सुजाता म्हणाली, "मला हे इथं यायला हवेत का?" आम्ही तिघंही तिच्याकडे वळलो. तिनं जरा वेळ आम्हाला तसंच ताटकळत ठेवलं. "हवेत."

मला इतका आनंद झाला की मी सरांच्या अंगणात मोठ्यानं हसले, आणि मग एकदम लक्षात आलं. माझ्या शेजारचं टेबल रिकामं होणार होतं. हे पोरगं मला इतकं लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दादांना ही बातमी कशी सांगायची, याची मला धास्ती होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मुदखेडाहून लातूर काय अन् विलायत काय. बॅरिस्टर झाला म्हंजी एक दिवस जाणारच." पुढं लग्न झालं, वऱ्हाडाला बसायला जागा मिळाली, आणि प्रशिक पुस्तकांची खोकी घेऊन लातूरला गेला. दोघांचं एकच ऑफिस, सरांच्या घराच्या पुढच्या खोलीत. कोर्टाच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्यांना तो दादांकडे येतो तेव्हा माझ्याकडे डोकावतो, पण घाईत.

मध्ये माझं लातूरच्या कोर्टात काम निघालं. संध्याकाळी दोघं मला एसटी स्टँडवर सोडायला आले. गाडीला वेळ होता. बोलता बोलता त्यांच्या एका चालू खटल्याचा विषय निघाला, साक्षीदार आधी कोणता तपासायचा त्याचा. सुजाता एक म्हणाली, प्रशिक दुसरं म्हणाला. ती पुन्हा म्हणाली. त्यानं तिचं पुरं होऊ दिलं नाही. "अजिबात नाही! मी सांगतो तेच बरोबर हाय!" असं तो भर स्टँडवर ओरडला, आणि पेरू विकणारी बाई दचकून बघायला लागली. मग दोघं एकदमच बोलायला लागले, दोघांचेही हात हवेत, आणि कोणीही कोणाचं ऐकत नव्हतं.

गाडी लागली. मी चढले, खिडकीशी बसले. गाडी निघाली तेव्हा मी हात हलवला. दोघांपैकी कोणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.